शालीचं टोक

या घराण्याच्या उजव्या हातात पिढ्यानपिढ्या ईश्वरी देणगी होती. हे घराण्याचंच म्हणणं होतं. बाहेरच्या कोणाला विचारायची वेळ आली नव्हती, आणि आली असती तरी विचारलं नसतं. पणजोबांनी निम्म्या शहराच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शेवटच्या वर्षांत त्यांच्या पाट्यांवरची अक्षरं पाण्यात पडलेल्या सावलीसारखी दिसू लागली, तेव्हा घरातल्यांनी त्याला शैली म्हणायला सुरुवात केली. पुढे एका चपलांच्या दुकानदाराने, माणूस अगदी भाबडा, नव्या पाटीकडे मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "अक्षरांना थंडी वाजतेय का हो?" पणजोबांनी ब्रश धुतला, पुसला, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि वर्ष संपायच्या आत गेले. तेव्हापासून घरात एक नियम झाला. तो कोणी कोणाला सांगितला नाही, पण सगळे पाळत आले: हाताबद्दल बोलायचं नाही.

त्यामुळे नानांचा हात थरथरतो ही गोष्ट घरात एकालाच माहीत होती. म्हणजे, ती फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अपवाद ठिपकीचा. तिला खरंच माहीत नव्हतं.

ठिपकी ही नानांची नात. वय बावीस, शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्याचा स्टुडिओला झालेला उपयोग शून्य. गेल्या वर्षी तिने "मला खाली काम करायचंय" असं जाहीर केलं. खाली म्हणजे घराच्या तळमजल्यावर, जिथे काचेची, आतून दिवा लावलेली टेबलं होती आणि हाताने काढलेली चित्रं एकामागून एक धरून त्यांतली माणसं चालवली जात; बाहेर याला ॲनिमेशन म्हणतात. तिची आई म्हणाली, "मग एवढी शिकलीस ती कशाला?"  नानांनी फक्त आपल्या टेबलाशेजारी एक स्टूल सरकवलं. ते इतकं बुटकं होतं, की त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला भेटायला येत. घरातल्या प्रत्येकाची सुरुवात त्याच स्टुलावर झाली होती.

स्टुडिओचा कायदा एका ओळीचा होता: शरीर नानांचं, उरलेलं बाकीच्यांचं. चित्रातला माणूस चालतो, धावतो, थबकतो, ते शरीर. ते नानांशिवाय कोणी काढायचं नाही. पण माणूस थांबला तरी त्याचं सगळंच काही थांबत नाही. वेणी हलत राहते, सदऱ्याचं टोक पुढे जाऊन परत येतं, कुत्रा बसतो आणि कान नंतर बसतात. याला घरात "उरलेलं" म्हणत. उरलेलं ज्याला जमलं नाही त्याने शरीराची स्वप्नं पाहायची नाहीत. ज्याला जमलं त्यानेही, नाना आहेत तोवर, पाहायची नाहीत.

सध्याचं काम एका म्हातारीचं होतं. तिची शेळी हरवते, ती दारोदार शोधत फिरते, एवढाच चित्रपट. दोन दृश्यं बाकी होती. पहिल्यात म्हातारी धावत येऊन एका दारापाशी एकदम थबकते आणि तिची शाल मागून येऊन थांबते. शेवटच्यात ती नुसती उभी राहून पाहते. म्हातारी नुसती उभी करणं हे सगळ्यात अवघड, आणि ते नानांनी अजून हातात घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं हे कोणी विचारत नव्हतं.

पहिल्या दृश्यातली शाल ठिपकीकडे होती. तिने काढलेली पहिली शाल म्हातारीबरोबरच थांबली.

"ही शाल नाही, पत्रा आहे," नाना म्हणाले.

दुसऱ्या खेपेला शालीची दोन्ही टोकं एकाच वेळी पुढे गेली, एकाच वेळी मागे आली.

"जुळी आहेत का? एकाला शिंक आली की दुसऱ्याला येते?"

तिसऱ्या खेपेला तिने इतक्या सुंदर लाटा काढल्या, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

"म्हातारीची शेळी हरवलीय, आणि हिला कसला आनंद झालाय?" नानांनी कागद बाजूला ठेवले. "हे बघ. शरीर थांबलं हे शरीराला कळतं. खांद्यावरच्या कापडाला जरा उशिरा. टोकाला सगळ्यात शेवटी. आणि बातमी आली म्हणून टोक लगेच विश्वास ठेवत नाही. ते आधी जातं पुढे. मग येतं मागे. मग पटतं त्याला."

"पण ते काढायचं कसं, नाना?"

"आधी बघायचं. शरीराकडे नाही, शरीर माझं. तू टोकं बघ."

ठिपकी टोकं बघू लागली. पडद्यांची, बॅगेच्या पट्ट्यांची, दोरीवरच्या ओल्या टॉवेलांची. शेजारच्या कुत्र्याला ती इतक्या वेळा पळवून थांबवू लागली, की ते तिला पाहून आधीच बसायला लागलं. एकदा ती स्वतः खांद्यावर चादर घेऊन जिन्यावरून धावत आली आणि खालच्या पायरीवर थबकली. मागून आई म्हणाली, "डोक्यावर पडलीस, की पडणार आहेस?"

आणि एका दुपारी तिला हवं ते दिसलं. नाना कागदाच्या कडेशी हात नेऊन थांबले. त्यांच्या शर्टाची बाही, जिला कधीच बटण नसायचं, पुढे झुलली, मागे आली, आणि थांबता थांबता थांबली नाही. तिच्या अगदी शेवटच्या काठावर एक बारीक, भराभर हालणारी थरथर शिल्लक राहिली. नाना बोलत होते तेवढा वेळ ती राहिली. ठिपकीला वाटलं, कापड असं करतं तर! इतके दिवस आपण याच्या शोधात होतो. ती स्टुलावर बसून दोन दिवस उठली नाही. कागद चाळून पाहिले तेव्हा म्हातारी थबकली, शाल आली, गेली, परतली, आणि टोकाशी ती बारीक थरथर जिवंत झाली. 

बाहीवरून नजर दोन बोटं पुढे सरकवावी आणि हाताकडे पाहावं, हे तिच्या मनातही आलं नाही. लहानपणापासून तिला हेच शिकवलं होतं. हात म्हणजे शरीर, आणि शरीर नानांचं.

*

रविवारी सकाळी मागच्या खोलीत सगळे जमले. कागदांचे एकेक फोटो जोडून कच्चं दृश्य पडद्यावर पाहायचं, याला लाइन टेस्ट म्हणत, आणि लाइन टेस्टला घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं, पहिला शब्द नानांनी बोलायचा, ही चाल होती. अंत्यविधीलाही या घरातली माणसं इतक्या वेळेवर येत नसत.

फोटो काढण्याचं आणि यंत्र चालवण्याचं काम मालकाचं. मालक म्हणजे नानांचा मुलगा आणि ठिपकीचा बाप. हे नाव त्याला त्याच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे ठिपकीच्या आत्याने, दिलं होतं, आणि ते मायेने दिलेलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्याने एकाएकी पेन्सिल ठेवली आणि "कोणीतरी ऑफिस बघायला हवं" असं म्हणून कोपऱ्यातल्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसला. बहीण त्या दिवसापासून त्याला दादा म्हणायची थांबली. "मालक, चहा घेणार का?" "मालक, खोडरबर संपलेत." ती रेघा मारून मारून मान मोडणार आणि हा गोल गोल फिरणार, हे तिला खुपत होतं.

तो का उठला होता हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्याने घोड्याच्या शेपटीची रेघ काढली आणि त्या रेघेत एक लाट दिसली. बारीकशी. कदाचित कागद हलला असेल. कदाचित रात्री झोप झाली नसेल. त्याने परत रेघ काढून पाहिली नाही. तेव्हापासून चार माणसांत बसताना तो उजवा हात मांडीखाली घेऊन बसे. लोकांना ती ऐट वाटायची.

आत्ताही त्याने यंत्र सुरू केलं आणि हात मांडीखाली सारला. एकेक कागद वेगळा पाहताना शाल त्याला शालच वाटली होती. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत पडदे ओढलेले होते. छताचा पंखा बंद होता. वहिनी, म्हणजे मालकाची बायको आणि ठिपकीची आई, पुठ्ठ्याने वारा घेत होती. नाना पुढे वेताच्या खुर्चीत. आत्या भिंतीला टेकून उभी, कारण तिच्या मते बसणं हे मालकांचं काम होतं.

म्हातारी धावत आली. थबकली. शाल मागून आली, पुढे गेली, परतली. आणि टोक थरथरत राहिलं.

आत्याची पाठ भिंतीवरून सुटली.

ती सफाई करायची. म्हणजे नानांच्या कच्च्या चित्रावर कोरा कागद ठेवून शेवटची, स्वच्छ रेघ काढायची. गेलं वर्षभर खालच्या कागदावरून जी थरथर वर येऊ पाहत होती, ती तिने एकेक करून पुसली होती. नानांची रेघ काटेरी तारेसारखी यायची आणि तिच्या कागदावरून रेशमासारखी बाहेर पडायची. कोणाला पत्ता नव्हता. ती स्वतःला सांगायची, मी आहे तोवर पडद्यावर काही दिसणार नाही. आणि आता ते पडद्यावर होतं, भिंतीएवढं, पुन्हा पुन्हा. शरीरातून घालवलेलं शालीतून आलं होतं.

तिने नानांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. ते हललं नाही.

"परत," नाना म्हणाले.

मालकाने परत लावलं. म्हातारी आली, थबकली. त्यालाही आता दिसलं होतं. कपाळावर घाम आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"परत."

ठिपकी दारापाशी उभी होती. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की काहीतरी भयंकर चुकलंय, आणि पत्र्यापेक्षा, जुळ्यांपेक्षा, आनंदापेक्षा मोठं चुकलंय. आईच्या हातातला पुठ्ठा थांबला होता.

"परत."

म्हातारी किती वेळा त्या दाराशी आली, कोण मोजतंय. शेवटी नानांनी हात वर केला आणि मालकाने चित्र थांबवलं. नाना खुर्चीतच वळले.

"ठिपके, हे कुठे पाहिलंस?"

"कोणतं?"

"हे. शेवटचं. टोकाचं."

"तुमच्या बाहीवर," ठिपकी म्हणाली. खरं बोलण्याशिवाय दुसरं काही तिला सुचलं नाही. "तुम्ही हात थांबवता ना, तेव्हा कापड असंच करतं. चुकलं का?"

 मग आत्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

"पंखा! अगं, इथल्या पंख्याचा वारा बाहेरपर्यंत येतो, तो लागतो बाहीला. वेडी आहेस. पंख्याने हलतं ते सगळं काढायचं नसतं."

"तेच तर," मालक म्हणाला. "मी कितीदा म्हटलंय, हा पंखा फार जोरात फिरतो. कागद उडतात नुसते."

"उडतात ना! परवाच माझे चार उडाले."

"चार? माझी बिलं थेट खिडकीबाहेर."

पाच वर्षांत बहीण-भाऊ पहिल्यांदा एका बाजूने बोलत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याच्या मनात आलं, हा कशाला माझ्या खोट्याला खांदा देतोय? याला काय माहीत आहे? मालकाच्या मनात नेमकं तेच आलं.

"पंखा बंद आहे," वहिनी म्हणाली.

"काय?"

"उन्हाळा लागल्यापासून बंद आहे. दुरुस्तीवाल्याचा नंबर मी स्वतः त्या भिंतीवर टाचलाय, स्टोरीबोर्डावर, सगळ्यांना दिसावा म्हणून. एकाने फोन केला असेल तर शपथ. मी काय हौस म्हणून पुठ्ठा हलवत बसलेय?" एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. ती घाईघाईने म्हणाली, "म्हणजे... खिडकीतून येतो कधीकधी. वारा."

"खिडकी गंजून बसलीय," नाना म्हणाले. "तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

वहिनीने पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"आणि सूनबाई, माझ्या बाह्यांची बटणं कुठे जातात?"

"लॉण्ड्रीत, नाना. हल्ली कसे धुतात, बघताय ना. सगळी तुटतात."

"सगळी कुठे? गळ्याची राहतात. पोटावरची राहतात. लॉण्ड्रीवाल्याचं मनगटांशीच वैर आहे का?"

 जानेवारीत एका सकाळी वहिनीने नानांना बाहीच्या बटणाशी झटापट करताना पाहिलं होतं. बटण भोकाजवळ जायचं आणि चुकायचं. नाना तिच्याकडे पाठ करून उभे होते आणि हळूच त्या बटणाला शिव्या देत होते, अशा शिव्या की त्या तिने त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकल्या नव्हत्या. त्याच दुपारी तिने सगळ्या शर्टांच्या बाह्यांची बटणं कात्रीने उडवली आणि रात्री नवऱ्यालाही सांगितलं नाही. गळ्याची आणि पोटाची ती रोज आधीच लावून ठेवायची आणि शर्ट डोक्यावरून घालायला द्यायची. आता बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की तिने बटणं कापली म्हणून बाही सुटी झाली, बाही सुटी झाली म्हणून ती हलली, आणि ती हलली म्हणून ती पडद्यावर गेली. माणसाने चांगलं करायला जावं आणि भलतंच होऊन बसावं, ते असं.

"वन्सं, तुम्हीच सांगा ना काहीतरी," ती पुटपुटली.

"ती काय सांगणार?" नाना म्हणाले. "ती माझ्या रेघा सरळ करते."

"नाना, सफाई म्हणजे..."

"सफाई म्हणजे सफाई. इस्त्री नव्हे. मी म्हातारी काढतो ती ऐंशी वर्षांची असते. पडद्यावर येते ती पोलिसात भरती व्हायला आल्यासारखी. मला काय दिसत नाही? डोळे शाबूत आहेत माझे."

आत्या रडणार नाही असं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ती रडली तेव्हा कोणी पाहिलं नाही.

"आणि तू कशावर बसलायस?" नानांनी मुलाला विचारलं.

"खुर्चीवर."

"ते झालंच. खाली काय आहे?"

मालक हसला, पण ते हसू त्याचं त्यालाही ओळखता आलं नसतं. "नाना, आत्ता माझं कशाला..."

"काढ."

घरात आजवर मोठमोठी भांडणं झाली. जमिनीवरून झाली, लग्नावरून झाली, एकदा तर पेन्सिलीच्या शिसावरून दोन महिने बोलणं बंद होतं. पण त्या खोलीत आत्ता जी भीती पसरली तिला भांडणाचाही आधार नव्हता. मालकाने उजवा हात मांडीखालून काढला. तो पांढरा पडला होता. त्याने तो सगळ्यांसमोर धरला तसा तो खाली पडला.

"मुंग्या आल्यात," तो म्हणाला. "आत्ता काही कळायचं नाही."

"मग थांबू," नाना म्हणाले.

आणि खरंच सगळे थांबले. एक अख्खं कुटुंब एका झोपलेल्या हाताला जाग येण्याची वाट पाहत बसलं. वहिनीला वाटलं, आपण हा हात हातात घ्यावा, पण मग हात कोणाचा हलतोय हे कसं कळणार? ठिपकीला आता सगळं कळलं होतं. शालीच्या टोकासारखं, सगळ्यात शेवटी, आणि अजून विश्वास बसत नव्हता. तिची नजर बापाच्या बोटांवर होती आणि स्वतःचे दोन्ही हात तिने पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते.

मुंग्या गेल्या. मालकाने हात पुढे धरला. हात थरथरत होता.

"बघितलंत?" तो म्हणाला. 

पण मग आत्याने न सांगता आपला हात पुढे केला, आणि तोही थरथरत होता. वहिनीने पुठ्ठा उचलला, तर तो वाऱ्याशिवाय फडफडत होता. चित्रातल्या थांबलेल्या म्हातारीखेरीज त्या खोलीत सगळ्यांचंच काही ना काही हलत होतं. भीतीने सगळ्यांचे हात हलत असताना कोणाचा हात कशाने हलतोय हे ठरवता येत नाही, त्यामुळे चाचणीतून काही निष्पन्न झालं नाही.

"दादा," आत्या हळूच म्हणाली, "पाच वर्षं हेच होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मालक हा शब्द त्यानंतर घरात कोणी उच्चारला नाही. त्याला थोडे दिवस त्यावाचूनही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

*

नाना उठले आणि बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाशी गेले. सगळे मागोमाग गेले, पण दारातच थांबले.

नानांना दोन वर्षं माहीत होतं. हाताची त्यांना भीती नव्हती. हात आपला, भांडला तरी घरातलाच. भीती होती ती वाक्याची. चपलांच्या दुकानदाराने ते वाक्य म्हटलं तेव्हा शिडी धरून नानाच उभे होते. तेव्हापासून ते त्या वाक्याची वाट पाहत होते, की कधीतरी आपल्यालाही कोणीतरी भाबडेपणाने विचारेल. त्यांना वाटलं होतं, निर्माता विचारेल, किंवा परका कोणी. नात चित्र काढून विचारेल, आणि इतकं चांगलं काढून विचारेल, असं वाटलं नव्हतं. कारण खरी गोष्ट ही होती, आणि तीच त्यांना खोलीत बसू देईना: शाल अप्रतिम होती. आयुष्यात त्यांना अशी शाल जमली नव्हती.

त्यांनी पेन्सिल उचलली. फडक्याने पुसली.

दारात आत्याने भावाचा दंड धरला. पुसली, म्हणजे आता डबा. या घरात सगळ्यांना पुढचा क्रम पाठ होता: धुणं, पुसणं, डबा, झाकण, आणि मग वर्ष संपायच्या आत.

नानांनी डबा उघडला.

"नाना," ठिपकी म्हणाली.  "मी परत काढते. ते शेवटचं काढून टाकते. साधं थांबवते."

"हात लावलास तर बघ," नाना म्हणाले. त्यांनी डब्यातून खोडरबर काढलं आणि झाकण उघडंच ठेवलं. मग आपली खुर्ची सोडून ते दोन पावलं पलीकडे गेले आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले. बसायला वेळ लागला. बसल्यावर गुडघे वर आले आणि क्षणभर कोणाला हसावं की धावावं ते कळेना.

"तिथे बस," त्यांनी आपल्या खुर्चीकडे बोट केलं. बोट खुर्चीच्या आसपास फिरलं, पण अर्थ सगळ्यांना कळला. "शेवटच्या दृश्यातली म्हातारी तू काढ. शाल माझ्याकडे."

"नाना, मला शरीर नाही येत."

"मला तरी कुठे येतंय आता?" ते म्हणाले. "शाल येते. बघितलंस ना, काही करावंच लागत नाही. नुसती पेन्सिल टेकवायची."

"अहो पण नाना," वहिनी म्हणाली, "त्या स्टुलावर तुमची कंबर..."

"सूनबाई, तू फक्त बटणांचं बघ."

"लावू परत?"

"नको," नाना म्हणाले. "बाही अशीच बरी आहे. कामाची आहे."

आत्या हसली, नाक ओढत. दादा जाऊन नानांच्या टेबलाचा दिवा लावून आला, त्यासाठी त्याने उजवा हात वापरला आणि कोणी पाहत नाही ना हे पाहिलं नाही. दुपारभर घरात असं वातावरण होतं, की एखादं मोठं ऑपरेशन पार पडलंय आणि पेशंट कोण होता हे मात्र कोणाला नक्की माहीत नाही.

ठिपकी खुर्चीत बसली. ती तिला मोठी होती. समोर कोरा कागद, खालून उजेड. शेजारी, तिच्या कोपराच्या खाली, नानांचं पांढरं डोकं. तिने पेन्सिल टेकवली आणि म्हातारीच्या पाठीची पहिली रेघ ओढली, खांद्यापासून खाली, न थांबता. मग कागद उजेडाकडे धरून पाहिला.

रेघेत मधोमध एक लाट होती. बारीकशी.

कागद हलला असेल. झोप झाली नव्हती. भीती तर होतीच. ती बराच वेळ त्या लाटेकडे पाहत राहिली. मग तिने कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि बापाने जे पाच वर्षं केलं नव्हतं ते केलं: परत रेघ ओढली. ती सरळ आली की नाही हे तिने कोणाला सांगितलं नाही.

"झाली का म्हातारी?" खालून नानांनी विचारलं. "मी शाल घेऊन केव्हाचा बसलोय."

"होतेय, नाना."

सोमवारी वहिनीने अखेर स्वतःच पंखेवाल्याला फोन केला. तो आला, शिडीवर चढला, पंख्याचा एक भाग बदलला, पंखा फिरू लागला. भिंतीवरची त्याच्या नंबराची चिठ्ठी आता नको म्हणून वहिनीने काढली. तिच्याखाली स्टोरीबोर्डाचा, म्हणजे चौकोनाचौकोनांत आखून दिलेल्या चित्रपटाचा, शेवटचा चौकोन होता. निर्मात्याकडून आल्यापासून तो तिथेच होता, पण पहिल्या आठवड्यानंतर तिकडे कोणी पाहिलं नव्हतं, आणि उन्हाळ्यापासून तर तो दिसतच नव्हता. त्यात म्हातारी दारात उभी होती आणि समोर शेळी बसली होती, ऊब घेत, निवांत. शाल शेळीच्या अंगावर होती. शेळी दाराच्या आत होती आणि चौकटीने तिचं अर्धं अंग कापलं होतं. त्या अर्ध्या अंगावर शाल घट्ट गुंडाळून गाठ मारलेली होती. म्हातारीचे केस बांधलेले होते.

शेवटच्या दृश्यात हलण्यासारखं, म्हणजे नानांनी काढण्यासारखं, काहीच नव्हतं.